वळणापर्यंत

सकाळचं पाणी भरून झालं की मावशी चहाचा ग्लास घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर येऊन उभी राहायची. पदर खोचलेला, केस अजून न विंचरलेले, आणि पायात चपला. एम.ए.साठी मी सिन्नरहून तिच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी विचारलं होतं, घरच्या पायरीवर उभं राहायला चपला कशाला?

"कुणी विचारलं तर परत आत कुठं जाऊ घालायला?" ती म्हणाली.

विचारलं म्हणजे रस्ता विचारला. पंचवटीत आमच्या दारासमोर गल्लीला तीन फाटे फुटतात. रामकुंडावर अंघोळ करून, ओले कपडे पिशवीत कोंबून वर चढलेले यात्रेकरू नेमके तिथे येऊन थांबतात. सीतागुंफा किधर है? काळाराम मंदिर? गाडी जहाँ लगती है वो जगह? मावशीला डावं-उजवं पटकन सुचत नसे. सांगताना तोंडातून डावं निघायचं आणि हात उजवीकडे जायचा. म्हणून ती सांगायचीच नाही. ग्लास पायरीवर ठेवायची, "चला" म्हणायची आणि त्यांच्या पुढे चालू लागायची. पुढच्या वळणापर्यंत जाऊन, मंदिराचा कळस किंवा दर्शनाची रांग त्यांच्या नजरेला पडली की मागे फिरायची. तोवर चहाचं पाणी झालेलं असायचं. ते ती तसंच पिऊन टाकायची.

तिचे यजमान सावळीराम उगले ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून रिटायर झाले होते. मी आले तेव्हा ते हयात होते. ते तिला म्हणायचे, "चांगुणा, तुला कुणी लंकेचा रस्ता विचारला तरी तू चप्पल घालशील."

"घालीन. वळणापर्यंत तरी सोडीन."

"माहीत नाही" हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. माहीत नसलं तर ती समोरच्या पूजासाहित्याच्या दुकानात गोरक्षला विचारायची, त्यालाही ठाऊक नसलं तर फुलवाल्या लताबाईला. आणि मग तिघंही त्या परक्या माणसाला मध्ये घेऊन आपापसात वाद घालायचे. "रस्ता न सांगता माणूस लावून दिला," मावशी म्हणायची, "तर तो दिवसभर डोक्यात चालत राहतो."

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी योगेश तिला जर्मनीला घेऊन गेला. योगेश तिचा एकुलता एक मुलगा. तिथल्या एका लहान शहरात तो आणि तृप्ती दोघंही नोकरी करतात. रुद्र तेव्हा आठ महिन्यांचा होता. तृप्तीची रजा संपत आलेली आणि पाळणाघरात जागा नवीन वर्षातच मिळणार होती. मधले दोन-तीन महिने मावशीने सांभाळायचे, असं ठरलं.

ती रोज दुपारी, म्हणजे आमच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल करायची. सुरुवातीला तिला सगळ्याचं नवल होतं. भाजीवाला नाही, कुणी हाका मारत नाही, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. नंतर तिने एक दिवस मला हळूच सांगितलं, "तेजू, इथं कुणी कुणाला रस्ता विचारत नाय गं. सगळे फोनात बघून चालतात. चुकले तरी फोनातच बघतात."

तिला हे तृप्तीनेही सांगून ठेवलं होतं. "आई, इथे अनोळखी माणसाला असं थांबवत नाहीत. त्यांना आवडत नाही. आणि कुणाच्या बाळाला हात लावू नका हं." तृप्ती वाईट मनाने बोलली नव्हती. तिला स्वतःला ते शिकायला वेळ लागला होता, एवढंच.

भीती घातली ती जेवायला आलेल्या स्नेहलने. योगेशच्या ऑफिसातल्या मित्राची ही बायको. भात वाढून घेता घेता तिने फोनवर कुठेतरी पाहिलेली गोष्ट सांगितली. कुठल्याशा देशात एका आपल्याकडच्या कुटुंबातलं बाळ म्हणे सरकारने नेलं. आईवडील नीट बघत नाहीत म्हणून. एकदा नेलं की मग कोर्टकचेऱ्या, वर्षानुवर्षं.

"काहीतरीच काय, आई घाबरतील," तृप्ती हसली.

"असं काही नसतं गं, आई. तू जेव," योगेश म्हणाला.

पण त्याच रात्री रुद्र रडायला लागला तेव्हा योगेश धावत जाऊन खिडकी लावून आला. खालचे लोक तक्रार करतात, म्हणाला. मावशीने स्नेहलची गोष्ट आणि ती खिडकी मनात शेजारी शेजारी ठेवली. नंतर ती मला म्हणाली, "त्याला भ्याव नव्हतं, मग खिडकी कशाला लावली?"

तो दिवस नोव्हेंबरातला. दुपारी ती माझ्याशी बराच वेळ बोलली. माझ्या परीक्षेचं, गॅस सिलिंडरचं, लताबाईच्या गुडघ्याचं. बॅटरी उतरली म्हणून तिने फोन चार्जिंगला लावला. रुद्रला दोन स्वेटर घातले, बाबागाडीत बसवलं आणि किल्ली काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवून ती बिल्डिंगखालच्या बागेत गेली. रोज जायची. बाग दारातून दिसते. त्यासाठी फोन कशाला न्यायचा?

बागेच्या फाटकाशी एक म्हातारी उभी होती. गर्द तांबडा कोट, हातात काठी. तिने मावशीकडे पाहिलं, जवळ आली आणि काहीतरी विचारलं.

मावशी मला हे सांगायची तेव्हा इथे दर वेळी थांबायची. मेथी निवडत असली तर हात थांबायचे. "मलाच विचारलं तिनं. एवढी गोरी माणसं जातयेत, त्यांना सोडून मला."

म्हातारीच्या हातात एक कार्ड होतं. त्यावर चर्चचं चित्र, हिरव्या घुमटाचं. ते चर्च मावशीने ओळखलं. आदल्या रविवारी योगेशबरोबर ट्राममधून जाताना पाहिलं होतं. तिने हात करून दाखवलं. म्हातारीने हाताच्या दिशेने पाहिलं, पुन्हा मावशीकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली. हा चेहरा मावशीला चांगला माहीत होता. आमच्या कोपऱ्यावर रोज सकाळी असे पंधरा-वीस चेहरे यायचे.

"चला," मावशी म्हणाली आणि तिने बाबागाडी वळवली.

वळणापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण वळणावरून घुमट दिसेना. पुढच्या वळणावरूनही दिसेना. म्हातारी काठी टेकत विश्वासाने मागे येत होती. तिला असं मध्येच सोडायचं कसं? मग एक पूल आला, त्याच्या पलीकडे एक चढ, आणि चढाच्या टोकाला एकदम ते चर्च. म्हातारीने काठी काखेत धरली, मावशीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ काहीतरी बोलली. मग आत गेली. मावशी एकटीच हसत उभी राहिली. त्या देशात गेल्यापासून तिचा कुणाला उपयोग झाला होता, घराबाहेर, तो पहिल्यांदाच.

ती मागे वळली तेव्हा चौकातून चार रस्ते उतरत होते आणि चारही सारखेच होते.

तिने एक रस्ता धरला. पूल आला नाही. ती परत वर आली, दुसरा धरला. घरं तशीच, खिडक्यांतल्या कुंड्या तशाच. दुकानांच्या पाट्या तिला वाचता येत नव्हत्या. योगेशच्या रस्त्याचं नाव लांबलचक होतं, ते तिला कधी उच्चारताही आलं नव्हतं. तिच्या लेखी घर म्हणजे पिवळं दार, आणि त्याच्या अलीकडे आडव्यातिडव्या गाठीसारख्या पावाचं चित्र टांगलेली बेकरी. उजेड कमी होत चालला. तिकडे त्या दिवसांत चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. आता विचारायला हवं, हे तिला कळत होतं.

आणि तिला विचारता येईना.

ज्या बाईने उभा जन्म रस्ता सांगण्यात काढला, तिचं तोंड उघडेना. भाषा येत नव्हती हे खरं, पण आमच्या कोपऱ्यावर तेलुगू माणसं यायची, बंगाली यायची, त्यांच्याशी तिचं काही अडत नसे. तिला वाटत होतं ते वेगळंच. मी विचारलं, म्हणजे मी चुकले हे कबूल झालं. आणि चुकलेल्या बाईच्या हातात हे लोक मूल कसं ठेवतील?

ती आपल्यासारखा चेहरा शोधू लागली. एक सावळा मुलगा समोरून आला. "भाऊ," ती म्हणाली, पण आवाज इतका बारीक निघाला की तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. मुलगा कानातल्या वायरीशी बोलत निघून गेला.

रुद्र जागा झाला. बाटलीतलं दूध तो आधीच पिऊन बसला होता. तो कुरकुरला, मग रडू लागला. एक बाई थांबली. बाबागाडीत वाकून पाहिलं, मावशीकडे पाहिलं, काही विचारलं. रुद्र तृप्तीसारखा उजळ आहे. मावशी उन्हातान्हात राबलेली, काळीसावळी, स्वेटरवर नऊवारीचा पदर आणि डोक्याला मफलर. "मला वाटलं, विचारतेय, कुणाचं हे लेकरू? तू कुठून आणलंस?" मावशीने मान हलवली, हसली आणि गाडी जोरात ढकलत निघाली. मागे वळून पाहिलं तर ती बाई अजून तिथेच उभी होती आणि तिच्या हातात फोन होता.

त्यानंतर मावशी रस्ता शोधत नव्हती. ती पळत होती. आजूबाजूला माणसं दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायची. रुद्रचं रडणं त्या शांत रस्त्यावर फार मोठं वाटत होतं. आमच्या गल्लीत रडणारं मूल घेऊन बाई चालली तर चारजणी विचारतात, भूक लागली का, पोट दुखतं का, ओवा चोळ. तिथे कुणी काही बोललं नाही. नुसतं पाहिलं.

मग ट्रामच्या थांब्यावर तिला पोलीस दिसले. एक पुरुष, एक बाई. गडद निळे कपडे, कमरेला पट्टे. ते इकडेतिकडे पाहत होते, जणू कुणाला तरी शोधत होते.

शेजारी एक बंद दुकान होतं. त्याच्या दाराच्या कोनाड्यात तिने गाडी ओढली. रुद्र हुंदके देऊन रडत होता. तिने त्याला उचललं, छातीशी धरलं आणि वरून गाडीतली शाल गुंडाळली. आवाज येतच राहिला. तिने त्याचं तोंड आपल्या छातीत आणखी दाबलं. "गप रे माझ्या राजा, गप. न्यायला आलेत तुला. गप."

तो गप झाला.

मावशीला आधी बरं वाटलं. पोलीस चालत कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे थांबले. ती श्वास रोखून बघत राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं की शालीच्या आत काहीच हलत नाहीये.

तिने शाल ओढून काढली. रुद्रचा चेहरा लालजांभळा झाला होता. डोळे उघडे, तोंड उघडं, आवाज नाही. तिने त्याला हलवलं. त्याच्या गालावर फुंकर मारली. काही नाही. मग त्याने एकदम आत श्वास ओढला, करवतीसारखा, आणि असा टाहो फोडला की समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली.

हे मावशीने मला एकदाच सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे नाही, आपल्या हातांकडे बघत होती. "सरकार नेणार होतं की नाय, देवाला ठाऊक. माझ्याच हातानं गेला असता."

ती कोनाड्यातून बाहेर आली. एका हाताने रुद्र, एका हाताने गाडी. सरळ त्या दोघांकडे चालत गेली, मध्ये ट्रामचे रूळ होते तेही तिने पाहिले नाहीत. आणि पोलीस बाईच्या पुढ्यात उभी राहून मराठीत म्हणाली, "मला रस्ता सांगा."

पोलीस बाईने तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "योगेश?"

योगेशनेच पोलिसांना कळवलं होतं. तृप्ती ऑफिसातून लवकर आली होती, घर रिकामं, फोन चार्जिंगला. ते दोघे पोलीस हिलाच शोधत होते. पण हे मावशीला तेव्हा कळलं नाही. तिला एवढंच कळलं की यांना आपलं नाव-गाव आधीपासून ठाऊक आहे, म्हणजे स्नेहल म्हणाली ते खरं आहे. पोलीस बाईने रुद्रकडे हात पुढे केले. मावशीने त्याला सोडलं नाही. मग बाईने बाबागाडीचा दांडा धरला. मावशीने तोही सोडला नाही. शेवटी दोघी एक-एक हात दांड्यावर ठेवून चालू लागल्या. पोलीसठाण्यात नेतायत, मावशी मनात म्हणत होती. तिथे गेल्यावर याला माझ्या कडेवरून काढतील. योगेशला काय तोंड दाखवू?

दोन गल्ल्या ओलांडल्या आणि तिला तो गाठीगाठींचा पाव दिसला. मग पिवळं दार. दारासमोर थंडीत योगेश अनवाणी उभा होता.

"आई, अगं कुणाला तरी विचारायचं ना!" तो जवळजवळ ओरडला.

"इथं विचारत नाहीत म्हणाला होतात," मावशी म्हणाली.

तृप्तीने रुद्रला घेतलं, आत दिव्याखाली नेलं, सगळे कपडे काढले आणि डोक्यापासून टाचेपर्यंत हात फिरवून पाहिलं. मावशी दाराशी उभी राहून ते बघत होती.

तृप्ती तिला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा रजा टाकली, एवढंच. बाबागाडी बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेली. आणि मावशी दाराच्या बेलला घाबरू लागली. पार्सलवाला आला तरी ती रुद्रला उचलून बाथरूममध्ये जायची, नळ सोडायची आणि बेल वाजवणारा जाईपर्यंत आत उभी राहायची. न्यायला कुणी आलं नाही. एक दिवस तृप्तीने बाथरूमचं दार ठोठावून रुद्रला मागून घेतलं तेव्हा मावशी म्हणाली, थंडी सोसत नाही, मला घरी पाठवा.

ती पंचवटीत परत आली ती कुणी दुसरीच आली. सकाळी पाणी भरायची आणि दार लावून घ्यायची. चहा ओट्याशी उभी राहून प्यायची. बाहेर हाका यायच्या, "माताजी, सीतागुंफा?" ती पडद्याआडून बोट करायची. तेही चुकीच्या बाजूला. गोरक्ष मला अडवून म्हणाला, "तेजल, मावशीला सांग, त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे यायला लागली. मी कुंकू विकू का रस्ते?" मी ते तिला सांगितलं. ती हसली नाही. "चुकीचं सांगून बसेन," म्हणाली, "आणि कुणाजवळ लेकरू असलं तर?"

मे महिन्यात योगेश, तृप्ती आणि रुद्र आले. रुद्र चालायला लागला होता. मावशी त्याला भरवायची, गोष्टी सांगायची, पण उंबऱ्याच्या आतच. तो दाराकडे निघाला की मला हाक मारायची.

दोन-तीन दिवस तृप्तीने हे पाहिलं. मग एका सकाळी ती डोक्याला तेल चोळत म्हणाली, "आई, याला जरा बाहेर फिरवून आणता? मला केस धुवायचेत."

मावशी दचकली. "तेजू नेईल."

"तेजलला नाही, तुम्हाला म्हणतेय."

"मी... नको गं."

"न्या, आई." तृप्तीने रुद्रला उचलून तिच्या कडेवर दिलं. देताना तिचा हात क्षणभर त्याच्या पाठीवर राहिला, ते मी पाहिलं. तिला सोपं जात नव्हतं. तरी तिने तो काढला.

मावशीने चपला घातल्या. मी खिडकीतून पाहत होते. ती गल्ली ओलांडून गोरक्षच्या दुकानासमोर जाऊन थांबली. आमच्या दारापासून पंधरा पावलं असतील.

"गोरक्ष, आमचं घर कुठंय रे?"

"आता मावशी! ऊन लागलं का सकाळी सकाळी?"

"सांग ना."

तो हसत होता. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हातातली उदबत्तीची पुडी खाली ठेवली. "ते काय, निळं दार. पायरीवर ग्लास असायचा ते."

"नक्की?"

"नक्की."

पुढे जाऊन तिने तेच लताबाईलाही विचारलं. लताबाईने हार गुंफता गुंफता सुईनेच घर दाखवलं. मग मावशी रुद्रला घेऊन परत आली, दारात घामाघूम. रोज असंच चाललं. रोज थोडं लांब, आणि प्रत्येक कोपऱ्यावर कुणाला तरी विचारून. जन्म गेला त्या गल्लीत, आणि ती आपल्याच घराचा रस्ता विचारत हिंडत होती. कुणी हसलं तर हसू द्यायची. गोरक्ष तिच्या मागे लोकांना डोळ्यांनी दटावायचा.

त्यानंतरच्या एका दुपारी मावशी जेवून झोपली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या सकाळचं.

त्या सकाळी ती रुद्रला घेऊन गेली आणि लवकर आली नाही. योगेश ओझरला काकांच्या जुन्या मित्रांना भेटायला गेला होता. तृप्तीचे केस धुऊन झाले, वाळत आले. ती पायरीवर येऊन उभी राहिली. मीही उभी राहिले. गोरक्षच्या दुकानात गर्दी होती, लताबाईची जागा रिकामी. खाली रामकुंडाच्या बाजूने भोंग्याचा आवाज येत होता. तृप्तीने एकदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मावशीचा फोन आत टेबलावरच होता, आम्ही दोघींनी तो पाहिला होता.

"येतील," तृप्ती म्हणाली.

"येईल," मी म्हणाले.

गर्दीतून आधी एक अनोळखी जोडपं आलं, मग बकऱ्या, मग एक रिक्षा. सीतागुंफेकडच्या वळणावर पुन्हा माणसांचा लोंढा आला, आणि त्यातून, खूप मागून, मावशी. रुद्र कडेवर, त्याचे पाय चिखलाने भरलेले, तिचा पदर ओला. ती मधल्या कोपऱ्यावर थांबली, एका रसवंतीवाल्याला काहीतरी विचारलं, त्याने आमच्याकडे हात केला. मग ती सरळ चालत आली. बाळ कडेवर असलेली एक बाई रस्ता चुकली होती, तिला मावशी गुंफेच्या वळणापर्यंत सोडून आली होती, हे आम्हाला नंतर लताबाईकडून कळलं.

तृप्ती पायरीवरून खाली उतरली. मावशीने रुद्रला तिच्या हातात दिलं आणि चपला काढता काढता म्हणाली,

"घे, आणला. पाय धू त्याचे, नळाखालच्या पाण्यात उतरला होता."